प्लस-मायनस पन्नास टक्के: ‘रोबस्ट’ फ्रिक्वेन्सी कंट्रोलचे पेपर कसे वाचावेत

लोड फ्रिक्वेन्सी कंट्रोलवरचे चार-पाच पेपर सलग वाचलेत तर एक टेबल तुमच्या ओळखीचं होऊन जातं. डावीकडे पॅरामीटरची नावं, वर −५०%, −२५%, +२५%, +५०% असे रकाने, आणि आत ओव्हरशूट आणि सेटलिंग टाइमचे आकडे. आकडे फारसे हलत नाहीत. टेबलाखाली एक वाक्य असतं: प्रस्तावित कंट्रोलर रोबस्ट आहे, पॅरामीटर बदलले तरी पुन्हा ट्यून करायची गरज नाही. की लगेच निष्कर्ष.

माझ्या पहिल्या कॉन्फरन्स पेपरातही हे टेबल होतं. सादरीकरण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. लोड डिस्पॅच सेंटरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी एकच विचारलं, “मॅडम, गव्हर्नरचा डेडबँड किती धरलाय?” मी म्हणाले, धरलेला नाही. ते “बरं” म्हणाले आणि खाली बसले. त्या “बरं”चा अर्थ कळायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत जे समजलं ते आज लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीसाठी हाच विषय घ्यायचा विचार करत असणार, तेव्हा विषय पक्का करण्याआधी वाचा.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी

ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही असं आपण म्हणतो, पण थोडी ऊर्जा साठलेली असते: फिरणाऱ्या जनरेटरांच्या रोटरमध्ये. मागणी वाढली की पहिली ऊर्जा तिथून जाते, रोटर किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. गव्हर्नर ते बघून वाफ किंवा पाणी वाढवतो. हा प्रायमरी कंट्रोल. त्याने घसरण थांबते, पण फ्रिक्वेन्सी मूळ जागी परत येत नाही. ते काम सेकंडरी कंट्रोलचं, म्हणजे एजीसीचं.

अनेक विभाग टाय-लाइनने जोडलेले असले की आणखी एक प्रश्न येतो: गडबड कोणाच्या घरात झाली? त्यासाठी प्रत्येक विभाग आपला एसीई काढतो. टाय-लाइनवरचा ठरल्यापेक्षा जास्तीचा प्रवाह, अधिक बायस गुणिले फ्रिक्वेन्सीतला फरक. बायसची किंमत विभागाच्या नैसर्गिक प्रतिसादाइतकी ठेवली, तर स्थिर अवस्थेत फक्त ज्याच्याकडे गडबड झाली त्याचाच एसीई शून्य नसतो. कल्पना साधी आणि फार सुंदर आहे. १९५०च्या दशकात नेथन कोन यांनी ती नीट मांडली आणि जगभरचे ग्रिड आजही तिच्यावर चालतात.

१२०, २०, २.४ हे आकडे आले कुठून?

१९७० साली ओले एल्गर्ड आणि चार्ल्स फोशा यांनी या प्रश्नाला ऑप्टिमल कंट्रोल लावलं. त्या कामाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. प्रचलित बायस डायनॅमिक्सच्या दृष्टीने सर्वांत चांगला असेलच असं नाही, हे त्यांनी उघड म्हटलं आणि त्यावरून उद्योगातल्या मंडळींशी वाद ओढवून घेतला. वाद घालता यावा म्हणून त्यांनी मॉडेल मुद्दाम लहान ठेवलं होतं.

आपण त्यांच्याकडून वाद घेतला नाही. आकडे घेतले. गव्हर्नर ०.०८ सेकंद, टर्बाइन ०.३ सेकंद, पॉवर सिस्टिमचा गेन १२०, टाइम कॉन्स्टंट २० सेकंद, ड्रूप २.४ हर्ट्झ प्रति पर युनिट, बायस ०.४२५. हे आकडे तुम्हाला इतक्या ठिकाणी दिसतील की ते निसर्गनियम वाटू लागतील.

ते कुठून आले बघा. एल्गर्डच्या पुस्तकातला विभाग २००० मेगावॅट क्षमतेचा आहे आणि त्यावर १००० मेगावॅट लोड आहे. गृहीतक असं, की फ्रिक्वेन्सी १% बदलली तर लोडही १% बदलतो. ६० हर्ट्झचा १% म्हणजे ०.६ हर्ट्झ, लोडचा १% म्हणजे १० मेगावॅट. भागाकार १६.६७ मेगावॅट प्रति हर्ट्झ, आणि २००० च्या बेसवर ०.००८३३. त्याचा व्यस्त १२०. इनर्शिया कॉन्स्टंट ५ सेकंद धरला की टाइम कॉन्स्टंट २०. ड्रूप ४% धरला की ६० हर्ट्झवर २.४.

म्हणजे हा सगळा हिशेब ६० हर्ट्झचा आहे. भारताची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. तीच गृहीतकं ५० वर लावली तर गेन १०० येतो, ड्रूप २.० येतो, बायस ०.५१ येतो, टाइम कॉन्स्टंट मात्र २०च राहतो. फरक फार मोठा नाही, मान्य. पण प्रस्तावनेत “भारतीय ग्रिडसाठी” असं लिहून परिशिष्टात १२० आणि २.४ दिले असतील, तर लेखकाने हा दहा मिनिटांचा हिशेब कधी केलेला नाही एवढं नक्की कळतं. मीही केला नव्हता.

एक टक्क्याचा धक्का

आता डेडबँडचा प्रश्न. बहुतेक पेपरांत डिस्टर्बन्स म्हणून एका विभागात ०.०१ पर युनिटचा स्टेप देतात. २००० मेगावॅटच्या बेसवर तो होतो २० मेगावॅट.

दोन सारखे विभाग, दोघांचा प्रतिसाद ०.४२५. फक्त प्रायमरी कंट्रोल असेल तर फ्रिक्वेन्सी स्थिरावते ती ०.०१ भागिले ०.८५, म्हणजे ०.०१२ हर्ट्झ खाली. आलेखातली सर्वांत खोल जागा साधारण ०.०२ ते ०.०३ हर्ट्झच्या आसपास असते. कुठलाही पेपर काढून उभा अक्ष तपासा.

आपल्या ग्रिड कोडमध्ये गव्हर्नरला ±०.०३ हर्ट्झपर्यंतचा डेडबँड चालतो. अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी तो ०.०३६ असतो. म्हणजे पेपरातला अख्खा आलेख, ती घसरण, ते सावरणं, पाच कंट्रोलरांची पाच रंगांतली तुलना, हे सगळं अशा पट्ट्यात घडतंय जिथे खरा गव्हर्नर जागचा हलणारच नाही. खऱ्या यंत्रात फ्रिक्वेन्सी आधी तो पट्टा ओलांडेपर्यंत खाली जाईल आणि मग गव्हर्नर कामाला लागेल. तो आलेख वेगळाच दिसेल. तेव्हा “माझा अंडरशूट ०.०२१, त्यांचा ०.०२४” या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

“सिस्टिम लिनियर आहे, स्टेप शंभरपट केला की उत्तरही शंभरपट” असं कोणी म्हणेल. मॉडेल लिनियर आहे. ग्रिड नाही. आणि रोबस्टनेसचा दावा ग्रिडबद्दल असतो.

तीन सेकंदांत सेटल

दुसरी गंमत सेटलिंग टाइमची. “प्रस्तावित कंट्रोलरने फ्रिक्वेन्सी ३ सेकंदांत स्थिर होते.” वाचायला छान वाटतं.

भारतात सेकंडरी राखीव सेवेचे नियम २०२२ साली आले. त्यात एजीसीचा सिग्नल दर ४ सेकंदांनी जातो. वीज केंद्राने ३० सेकंदांत प्रतिसाद द्यायला सुरुवात करायची आणि पूर्ण कबूल केलेली क्षमता १५ मिनिटांत द्यायची. म्हणजे कागदावरचा सेकंडरी कंट्रोलर, खऱ्या सेकंडरी कंट्रोलरचा पहिला निरोप पोचायच्या आतच काम संपवून मोकळा होतो.

वेगाची मर्यादाही आहे. रिहीट असलेल्या औष्णिक संचासाठी साहित्यातच ३% प्रति मिनिट हा आकडा सर्रास वापरतात. म्हणजे सेकंदाला ०.०००५ पर युनिट. ०.०१ पर युनिट वाढवायला २० सेकंद. बॉयलरमध्ये साठलेल्या वाफेच्या जोरावर सुरुवातीचे एक-दोन टक्के याहून लवकर मिळू शकतात, त्यामुळे ही मर्यादा अगदी काटेकोर मानू नका. पण जो पेपर प्रस्तावनेत ही मर्यादा सांगतो आणि सिम्युलेशनमध्ये ती काढून ठेवतो, त्याच्या ३ सेकंदांवर विश्वास ठेवू नका.

टेबलाची परीक्षा: वही घ्या

आता मुख्य मुद्दा. सगळ्या भौतिक मर्यादा क्षणभर विसरू. लिनियर मॉडेलच खरं मानू. तरी ±५०% च्या टेबलावरून रोबस्टनेस सिद्ध होतो का?

टेबलात एका वेळी एकच पॅरामीटर बदलतात, बाकीचे मूळ किमतीवर. चार पॅरामीटर असतील तर टोकाच्या आठ तपासण्या होतात. चारही पॅरामीटर एकाच वेळी टोकाला गेले तर कोपरे १६ आहेत, आणि त्यातला एकही या आठांत नाही. आठ पॅरामीटर घेतले तर १६ तपासण्या आणि २५६ कोपरे.

कोपऱ्यात खरंच काही वेगळं घडतं का, हे हाताने करून बघू. एकच विभाग घ्या, बाकीच्यांपासून तुटलेला. वरचे जुनेच आकडे घ्या. कंट्रोलर साधा इंटिग्रल, गेन १. कॅरॅक्टरिस्टिक समीकरण चौथ्या घाताचं येतं. वरून खाली सहगुणकांना अ, ब, क, ड, इ म्हणू:

अ = ०.४८, ब = ७.६२४, क = २०.३८, ड = ५१, इ = ५१.

राउथच्या कसोटीनुसार सिस्टिम स्थिर असायला ड(बक − अड) ही संख्या ब²इ पेक्षा मोठी हवी. (सगळे सहगुणक धन आहेतच, आणि खालच्या प्रत्येक प्रकारात कंसातली संख्याही धन येते.) आता एकेक बदल करू. डावीकडची संख्या मोठी हवी, लक्षात ठेवा.

मूळ किमती: ६६७६ विरुद्ध २९६४. स्थिर.

गव्हर्नरचा टाइम कॉन्स्टंट +५०%: ६९१३ विरुद्ध ३६२९. स्थिर.

टर्बाइनचा टाइम कॉन्स्टंट +५०%: ९२६३ विरुद्ध ५७६९. स्थिर.

ड्रूप −५०%: १०७९७ विरुद्ध २९६४. स्थिर, उलट जास्तच ऐसपैस.

पॉवर सिस्टिमचा टाइम कॉन्स्टंट −५०%: १४०० विरुद्ध ७४६. स्थिर.

उलट दिशेचे चार बदलही करून बघा, तेही स्थिर येतात. आठपैकी आठ. इथे पेपर संपतो आणि “रोबस्ट” हा शब्द शीर्षकात जातो.

आता वरचे चार बदल एकत्र करा. अ = ०.५४, ब = ५.७५४, क = १०.५७, ड = १०१, इ = ५१. डावीकडे येतात ६३४. उजवीकडे १६८९.

अस्थिर.

मूळ किमतींवर इंटिग्रल गेन २.२५ पर्यंत चालतो. या कोपऱ्यात तो ०.३८च्या आतच हवा. आपण १ ठेवला होता. आणि ड्रूप −५०% ही ओळ पुन्हा बघा. एकट्याने केलेला हा बदल सर्वांत निरुपद्रवी दिसत होता. एकत्र आल्यावर हाच गव्हर्नरच्या लूपला काठावर नेऊन ठेवतो.

प्रामाणिकपणे हेही सांगते: याच दिशेने चारही बदल २५% च केले तर सिस्टिम स्थिर राहते. म्हणजे कंट्रोलर वाईटच आहे असं नाही. टेबलाला ते कळलं नसतं, एवढंच. चांगला आणि वाईट कंट्रोलर ज्या चाचणीत सारखेच पास होतात ती चाचणी कशाची?

सगळे कोपरे तपासले म्हणजे तरी झालं का? तेही नाही. कोपरे स्थिर असूनही मधे कुठे तरी अस्थिरता असू शकते. १९७८ च्या खारितोनोव्हच्या प्रमेयात फक्त चार बहुपदी तपासून काम भागतं, पण त्यात सहगुणक एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलतात असं धरलेलं असतं. आपल्याकडे टर्बाइनचा टाइम कॉन्स्टंट एकाच वेळी अ, ब आणि क मध्ये बसलाय. त्यामुळे प्रमेय लावलं तर उत्तर सुरक्षित येतं, पण गरजेपेक्षा जास्त भित्रं. हा भित्रेपणा कसा कमी करायचा, हाच रोबस्ट कंट्रोलचा खरा अभ्यास. एच-इन्फिनिटी, म्यू-सिंथेसिस, एलएमआय ही सगळी हत्यारं त्यासाठी घडली. “ऑप्टिमल” म्हणजे “रोबस्ट” नव्हे, हे तर डॉयल यांनी १९७८ मध्येच एलक्यूजीबद्दल दाखवलं होतं.

आणि ते ५०% कुणी ठरवले?

टेबलातली आणखी एक गोष्ट खटकायला हवी. सगळ्या पॅरामीटरांना एकच टक्केवारी का?

ड्रूप ही अनिश्चित राशी नाहीच. ती इंजिनियर सेट करतो. आपल्या ग्रिड कोडमध्ये ती ३ ते ६% असते. ४% च्या निम्मी म्हणजे २%, तशी परवानगीच नाही. म्हणजे वरचं माझं उदाहरणसुद्धा पेपरांच्या टेबलाला उत्तर म्हणून ठीक आहे, ग्रिडचं वर्णन म्हणून नाही. टर्बाइनचा टाइम कॉन्स्टंट संचाच्या रचनेवर अवलंबून असतो, एका रात्रीत ५०% बदलत नाही. इनर्शिया मात्र रोज बदलतो. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, औष्णिक संच कमी चालू असतात, फिरणारं वजन कमी असतं. संध्याकाळी चित्र उलटं. खरी अनिश्चितता इथे आहे, आणि ती घड्याळाबरोबर चालते.

गेन आणि टाइम कॉन्स्टंटही स्वतंत्र नाहीत. लोडचं डॅम्पिंग बदललं तर दोन्ही एकदम बदलतात. इनर्शिया बदलला तर फक्त टाइम कॉन्स्टंट. टेबलात दोघांना वेगवेगळ्या ओळी देऊन वेगवेगळं हलवलं, तर त्यातल्या काही ओळी प्रत्यक्षात घडूच शकत नाहीत अशा स्थिती दाखवतात.

लांडगे, देवमासे आणि वटवाघळं

पीआयडी ट्यून करायला अमुक प्राण्याचा अल्गोरिदम, असे पेपर तुम्ही बघितलेच असतील. सोरेन्सेन यांनी २०१५ साली अशा रूपकांवर बेतलेल्या अल्गोरिदमांवर खरमरीत टीका केली आहे, ती मिळवून वाचा. त्यांचा मुद्दा अल्गोरिदमच्या नावीन्याबद्दल आहे. माझा त्याहून साधा आहे.

अल्गोरिदम काय कमी करतो बघा. आयटीएई. कुठल्या मॉडेलवर? मूळ किमतींच्या. कुठल्या डिस्टर्बन्ससाठी? एका विभागातल्या ०.०१ च्या स्टेपसाठी. मग लांडगा असो की देवमासा, त्याला अनिश्चितता दाखवलेलीच नाही. रोबस्टनेस उद्दिष्टात कुठेच नाही, तो नंतर टेबलात सापडतो. सापडलाच तर तो योगायोग. शिवाय त्या एकाच आलेखासाठी गेन इतके ताणलेले असतात, की डेरिव्हेटिव्हला खऱ्या मोजमापातला गोंगाट दिला तर व्हॉल्व्हचं काय होईल याचा विचारच नको.

खरे धक्के कसे होते

“इतकं काटेकोर कशाला, शेवटी सिम्युलेशनच आहे” असं मलाही वाटायचं. मग मी काही अहवाल वाचले.

२८ सप्टेंबर २०१६, दक्षिण ऑस्ट्रेलिया. वादळात ट्रान्समिशन लाइन पडल्या, दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेलं. पवनचक्क्यांच्या संरक्षणात एक सेटिंग होतं: ठरावीक वेळात ठरावीक वेळांहून जास्त डिप आले तर उत्पादन कमी करा किंवा बंद व्हा. हे सेटिंग ग्रिड चालवणाऱ्यांच्या मॉडेलमध्ये नव्हतं. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट गेले, शेजारच्या राज्याची टाय-लाइन जास्त भाराने तुटली, आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. तुटल्यावर फ्रिक्वेन्सी सेकंदाला साधारण ६ हर्ट्झ या वेगाने पडत होती. या वेगापुढे कुठलाही एजीसी प्रेक्षकच. आणि मुख्य म्हणजे अनिश्चितता कुठल्याच पॅरामीटरमध्ये नव्हती. मॉडेलमध्ये नसलेल्या एका ‘जर-तर’मध्ये होती. ±५०% नाही, ±५००% केलं असतं तरी ती टेबलात आली नसती.

जानेवारी ते मार्च २०१८, युरोप. कोसोवो आणि सर्बिया यांच्या राजकीय भांडणात त्यांच्या विभागाने आपली तूट भरून काढली नाही. एकूण ११३ गिगावॅट-तास कमी पडले. मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी अख्ख्या खंडातली घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. पन्नासेक दिवसांत ३६० सेकंद, म्हणजे सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ हर्ट्झ. भागाकार करून बघा, जुळतो. एवढासा फरक, पण तो रोज त्याच दिशेला होता. प्रत्येक विभाग आपला एसीई शून्यावर आणतो, या गृहीतकावर सगळा ‘मल्टी-एरिया’ सिद्धांत उभा आहे. एकाने तसं करायचंच नाही असं ठरवलं तर काय, हा प्रश्न आपल्या पेपरांत येत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं आणि चांगलं. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी अर्ध्या तासाच्या आत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली गेली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या मध्ये राहिली. हे साधलं ते आधी केलेल्या तयारीमुळे. जलविद्युत आधी वर नेऊन ठेवली, औष्णिक किमान पातळीकडे आणले, मग जलविद्युत साधारण १७,५०० मेगावॅटने उतरवली, आणि मागणी सावरल्यावर पुन्हा चढवली. फोनवर बसलेली माणसं, ठरवलेला क्रम, हातात असलेली राखीव क्षमता. रोबस्टनेस बघायचा असेल तर तो इथे बघा.

एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या देशातून एजीसीवर ढिगाने पेपर लिहिले जात होते, त्या सगळ्या काळात आपल्या राष्ट्रीय ग्रिडवर केंद्रीय एजीसी नव्हतंच. २००२ पासून आपण फ्रिक्वेन्सीला किंमत जोडली होती: फ्रिक्वेन्सी कमी असताना जास्त ओढाल तर महाग पडेल. एजीसीचा पथदर्शी प्रयोग दादरीच्या औष्णिक केंद्रात जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. किमतीचा हा सिग्नल म्हणजे एक फीडबॅकच होता, उशिराचा आणि माणसांच्या हातून चालणारा. जगात क्वचित दिसणारा प्रश्न आपल्या दाराशी होता. आणि आपण १९७० च्या अमेरिकी विभागाला देवमासे लावत होतो.

मग काय वाचावं?

टीका करून सोडून देणं सोपं. या विषयात चांगलं कामही आहे.

हसन बेव्रानी यांचं रोबस्ट फ्रिक्वेन्सी कंट्रोलवरचं पुस्तक (२००९, दुसरी आवृत्ती २०१४) मी सुरुवातीला वाचायला हवं होतं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. एच-इन्फिनिटीने मिळणारा कंट्रोलर मोठ्या ऑर्डरचा असतो आणि कंट्रोल रूममध्ये तो कोणी बसवणार नाही, तिथे पीआय चालतो. त्यांनी हे बंधन लाज वाटून लपवलं नाही, प्रश्नातच घेतलं. पीआयला स्टॅटिक आउटपुट फीडबॅक म्हणून मांडलं आणि एलएमआयने त्याचे गेन काढले. अनिश्चितता आधी लिहायची, कंट्रोलर नंतर शोधायचा, हा क्रम तिथे पाळलेला दिसतो. उणीव तिथेही आहे. मॉडेल शेवटी त्याच लिनियर घराण्यातलं आहे. पण दावा जेवढा आहे तेवढाच पुरावा दिलाय, आणि समीक्षेत मी हेच आधी बघते.

पुढचा पेपर वाचताना हे सहा प्रश्न समासात लिहून ठेवा:

१. परिशिष्टातले आकडे कुठल्या ग्रिडचे, किती हर्ट्झचे, कुठल्या साली काढलेले?

२. डिस्टर्बन्स डेडबँडच्या बाहेर जाण्याइतका मोठा आहे का?

३. कंट्रोलरचा वेग सिग्नलच्या वेगाशी आणि यंत्राच्या वेगाशी जुळतो का?

४. अनिश्चिततेचा संच कंट्रोलर शोधण्याआधी लिहिलाय, की नंतर?

५. पॅरामीटर एकत्र हलवलेत का, आणि जे एकमेकांना बांधलेले आहेत ते बांधलेलेच ठेवलेत का?

६. कंट्रोलर कुठे मोडतो हे लेखकाने शोधलंय का?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पूल बांधणारा इंजिनियर किती टन झेपतं ते सांगतो. आपण मात्र “मोडत नाही” एवढंच लिहून मोकळे होतो.

गाइड म्हणतील, “असं केलं तर पेपर छापून येणार नाही.” माझेही म्हणाले. थोडं खरंही आहे. ज्या टेबलात एक ओळ “अस्थिर” म्हणते त्याला रिव्ह्यूअर नाक मुरडतात. माझा दुसरा पेपर दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी शीर्षकातला “रोबस्ट” काढला, डेडबँड आणि चार सेकंदांचा सिग्नल घातला, आणि कंट्रोलर कोणत्या कोपऱ्यात मोडतो त्याचा नकाशा दिला. सेटलिंग टाइम ३ सेकंदांवरून काही मिनिटांवर गेला. पेपर स्वीकारला गेला, तोही पहिल्यापेक्षा लहान जर्नलमध्ये. पण आता मागच्या रांगेतून कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला माझ्याकडे काही तरी आहे.

वरचा राउथचा हिशेब वहीत एकदा करून बघा. इंटिग्रल गेन ०.३ ठेवला तर तो कोपरा स्थिर होतो, पण मूळ किमतींवर कंट्रोलर किती सुस्त होतो ते बघा. या दोन टोकांमध्ये कुठे उभं राहायचं, हा खरा संशोधनाचा प्रश्न. पुढच्या लेखात याच उदाहरणात सिग्नलचा उशीर घालू. आकडे कुठे चुकले असतील तर कळवा, दुरुस्त करेन.